पान्याच्या टोकावरचा कायदा
(प्रस्तावना)

जनरेटरच्या बाजूच्या टेबलावर स्वच्छ कापड अंथरले होते आणि त्यावर सहा सिलिंडरांची सहा नोझल ओळीने मांडून ठेवली होती. सर्व्हेअरांनी खिशातून भिंग काढले, पहिले नोझल उचलले आणि त्याच्या अंगावर कोरलेला क्रमांक मोठ्याने वाचला. शेजारी फाइल उघडून उभ्या असलेल्या फोर्थ इंजिनिअरने तोच क्रमांक वाचून दाखवला. जुळला. दुसऱ्याचा जुळला, तिसऱ्याचा, चौथ्याचाही. पाचवे नोझल त्यांनी दोनदा फिरवून पाहिले. आकार तोच, छिद्रे तेवढीच, पण अंगावर क्रमांकाची खूणच नव्हती.

मी त्या बोटीवर सेकंड इंजिनिअर होतो. ते नोझल तीन महिन्यांपूर्वी मीच बसवले होते. किनाऱ्यावरून आलेल्या सुट्या भागांच्या पेटीत ते होते, मापाला बसत होते, बसवल्यावर सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमानही इतरांच्या बरोबरीने राहिले होते. मी म्हणालो, "साहेब, इंजिन अगदी व्यवस्थित चाललंय."

ते शांतपणे म्हणाले, "चाललंय याबद्दल शंका नाही. पण हे इंजिन कोणतं आहे, तेवढं सांगा."

स्टोअरमध्ये क्रमांक असलेले नोझल सापडले, तासाभरात ते बसवले, नोंद केली आणि सर्व्हे पार पडला. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर राहिला. तोवर माझ्या लेखी इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि नावाची पितळी पट्टी. कायद्याच्या लेखी इंजिन म्हणजे याशिवाय आणखी काहीतरी होते: कोणते नोझल, कोणता पंप, कोणते टायमिंग, किती कॉम्प्रेशन, कोणता टर्बोचार्जर. यातली एक गोष्ट परवानगीच्या बाहेर गेली, की प्रमाणपत्र ज्या इंजिनाला दिले होते ते इंजिन बोटीवर उरतच नाही. पट्टीवरचे नाव तेच राहते, पण धूर वेगळा होतो.

जहाजांवरच्या डिझेल इंजिनांमध्ये जे जे फिरवता, सरकवता किंवा बदलता येते त्यावर उत्सर्जनाच्या नियमांनी काय बंधने घातली आहेत आणि ती का घातली आहेत, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय अरुंद वाटेल. पण समुद्रावरच्या हवेचा फार मोठा हिशेब या अरुंद जागेतून जातो, अशी माझी खात्री आहे, आणि म्हणूनच हे पुस्तक लिहिले.

सुरुवात रसायनापासून करायला हवी. जहाजाच्या धुरातले दोन घटक नियमांनी सर्वांत आधी धरले: गंधकाची ऑक्साइडे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. इंजिन रूमच्या भाषेत सॉक्स आणि नॉक्स. गंधक इंधनाबरोबर येते. कमी गंधकाचे तेल विकत घेतले की धुरातले गंधक कमी होते. 1 जानेवारी 2020 पासून जगभर इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.50 टक्क्यांवरून 0.50 टक्क्यांवर आली, तेव्हा बहुतेक बोटींनी तेल बदलून ती पाळली. नॉक्सचे तसे नाही. तो बहुतांशी तेलातून येत नाही, हवेतून येतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिलिंडरमध्ये ज्वालेचे तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेले की मात्र तो ऑक्सिजनशी जोडला जाऊ लागतो, आणि तापमान जितके चढते तितक्या झपाट्याने हे वाढत जाते. याकोव्ह झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1940च्या दशकात ही साखळी उलगडून दाखवली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गंधक विकत येते, नॉक्स आपण बनवतो. तो किती बनावा हे ठरते ज्वाला किती तापली आणि किती वेळ तापलेली राहिली यावर. आणि ज्वाला किती तापावी हे ठरते आपल्या हातातल्या सेटिंगवर. इंधन थोडे आधी सोडले, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स केले, तर सिलिंडरमधला कमाल दाब वाढतो, इंधनाचे चीज होते आणि नॉक्स वाढतो. रिटार्ड केले तर नॉक्स उतरतो आणि तेल थोडे जास्त लागते. पिस्टन रॉडच्या पायाखालची शिम बदलली की कॉम्प्रेशन बदलते. चार्ज एअर कूलर चोंदला की सिलिंडरमध्ये गरम हवा शिरते आणि ज्वाला आणखी तापते. म्हणून कूलर धुणे हे केवळ देखभालीचे काम नाही, ते प्रदूषण रोखण्याचेही काम आहे. फोर्थ इंजिनिअरला हे कुणीतरी सांगायला हवे. धुण्याचे काम शेवटी त्याच्याच वाट्याला येते.

आता आकडे पाहू. 10,000 किलोवॉटचे एक संथ फिरणारे मुख्य इंजिन घ्या. आजच्या टियर टू, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या, मर्यादेनुसार अशा इंजिनाला दर किलोवॉट-तासाला 14.4 ग्रॅम नॉक्सची मुभा आहे. पूर्ण शक्तीवर याचे तासाला 144 किलो होतात, दिवसाला जवळजवळ साडेतीन टन. एका बोटीचे, एका दिवसाचे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या, 2014 सालच्या अभ्यासाने माणसाने निर्माण केलेल्या जगभरच्या नॉक्सपैकी सुमारे 15 टक्के वाटा जहाजांचा धरला होता. हा नॉक्स किनाऱ्याकडे वाहतो, उन्हात त्यातून जमिनीलगतचा ओझोन बनतो, हवेत बारीक कण बनतात. पावसाबरोबर तो पाण्यातही उतरतो. बाल्टिकसारख्या जवळजवळ बंदिस्त समुद्रात तो शेवाळाचे खत होतो आणि तळाचा प्राणवायू संपवतो.

जगाने याची दखल घेतली ती 1997 साली. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल कराराला त्या वर्षी सहावे परिशिष्ट जोडले गेले आणि त्याच परिषदेत नॉक्स टेक्निकल कोड संमत झाला. परिशिष्ट अमलात यायला जगातला निम्मा जहाजी टनभार असलेली किमान 15 राष्ट्रे हवी होती. पंधरावे राष्ट्र होते पॅसिफिकमधले चिमुकले सामोआ. 18 मे 2004 रोजी त्याने मान्यता दिली आणि वर्षभराने, 19 मे 2005 रोजी, परिशिष्ट लागू झाले. पण नियमाने हात मागे लांब केला होता. 1 जानेवारी 2000 पासून बांधलेल्या जहाजांवरचे 130 किलोवॉटच्या वरचे प्रत्येक डिझेल इंजिन त्याच्या कक्षेत आले, केवळ आणीबाणीसाठी असलेली इंजिने सोडून. ही टियर वन. 2008 साली परिशिष्ट आणि कोड दोन्ही नव्याने लिहिले गेले. टियर टू 2011 पासूनच्या जहाजांना आली. टियर थ्री उत्तर अमेरिका आणि अमेरिकी कॅरिबियन या उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रांत 2016 पासूनच्या, तर बाल्टिक आणि उत्तर समुद्रात 2021 पासूनच्या जहाजांना लागू झाली. भारताने हे परिशिष्ट 2011 साली स्वीकारले.

इंजिनाचा वेग वाढतो तशी मर्यादा उतरत जाते. ज्या जनरेटरपासून ही प्रस्तावना सुरू झाली तो मिनिटाला 900 फेरे घेत होता. अशा इंजिनाला टियर वनमध्ये सुमारे 11.5 ग्रॅम, टियर टूमध्ये 9.2 आणि टियर थ्रीमध्ये 2.3 ग्रॅम मिळतात. पहिल्या दोन पायऱ्या मुख्यतः इंजिनाच्या आतल्या जुळणीने चढता आल्या. तिसऱ्या पायरीसाठी बहुतेकांना एक्झॉस्टमध्ये युरिया फवारणारी एससीआर यंत्रणा किंवा धूर परत सिलिंडरमध्ये फिरवणारी ईजीआर बसवावी लागली.

मर्यादा लिहिणे सोपे असते. भर समुद्रात ती पाळली जाते आहे हे कसे कळणार? कारखान्यात टेस्ट बेडवर इंजिन चालवून, वेगवेगळ्या लोडवर धूर मोजून, त्यांची ठरलेल्या भारांशाने सरासरी काढता येते. पंख्याच्या नियमाने चालणाऱ्या मुख्य इंजिनासाठी 75 टक्के लोडला निम्मे वजन दिलेले असते. पण बोटीवर रोज धूर मोजणारी प्रयोगशाळा कोण बसवणार? शिवाय सारख्या घडणीची इंजिने एका कुटुंबात किंवा गटात धरली जातात आणि चाचणी होते ती त्यांच्यातल्या सर्वाधिक नॉक्स देणाऱ्या मूळ इंजिनाची, पेरंट इंजिनाची. बाकीची भावंडे टेस्ट बेडवर धूर न मोजताच बोटीवर येतात.

कोडने यावर काढलेला तोडगा मला आजही विलक्षण वाटतो. धूर मोजता येत नसेल तर धूर ज्यातून ठरतो ते मोजा. इंजिनाबरोबर एक टेक्निकल फाइल येते आणि ते जहाजावर असेपर्यंत त्याची सोबत सोडत नाही. नॉक्सवर परिणाम करणारे भाग कोणते, सेटिंग कोणती, कुठून कुठवर फिरवायला मुभा आहे, पर्यायी भाग कोणते चालतील, सुट्या भागांवर कोणती खूण असली पाहिजे, हे सगळे तिच्यात असते. फाइल मंजूर झाली की इंजिनाला ईआयएपीपी, म्हणजे इंजिनाचे आंतरराष्ट्रीय वायुप्रदूषण प्रतिबंध प्रमाणपत्र मिळते. पुढे सर्व्हेअर बोटीवर येतात तेव्हा बहुतेक वेळा धूर मोजत नाहीत, फाइल आणि इंजिन यांची गाठ घालतात. नोझलचा क्रमांक, पंपाच्या प्लंजर-बॅरलची खूण, फ्युएल कॅमची जागा, कमाल दाब, टर्बोचार्जरची घडण, कूलर. यालाच पॅरामीटर चेक म्हणतात. प्रत्यक्ष मोजमापाचे आणखी दोन मार्ग कोडमध्ये आहेत, पण बोटींवर रोजच्या वापरातला मार्ग हाच.

या फाइलची धाकटी बहीण म्हणजे इंजिन पॅरामीटर्सचे रेकॉर्ड बुक. माझ्या दृष्टीने साऱ्या नियमाचा जीव या वहीत आहे. फिरवायला बंदी आहे असे कोड कुठेच म्हणत नाही. बंदी घातली असती तर इंजिन चालवताच आले नसते, कारण इंधन बदलते, भाग झिजतात, हवामान बदलते आणि त्याप्रमाणे जुळवून घेणे हेच तर आमचे काम आहे. कोड दोनच गोष्टी मागतो. ठरलेल्या पट्ट्याच्या आत राहा आणि जे केले ते लिहा. तारीख, कोणता सिलिंडर, काय बदलले, सही. जुन्या नोझलच्या जागी हुबेहूब तसलेच नवे नोझल बसवले तरी नोंद हवी. नवख्या इंजिनिअरला हे जाचक वाटते, मलाही वाटायचे. त्या पाचव्या नोझलपुढे उभा राहिलो तेव्हा कळले, की तीन महिन्यांपूर्वी या वहीत क्रमांक लिहायला मी बसलो असतो, तर लिहायला क्रमांकच नाही हे तेव्हाच माझ्या लक्षात आले असते. नोंद ही सर्व्हेअरसाठी असते असे आपण समजतो. तिचा पहिला वाचक आपणच असतो.

अमेरिकेने याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेला, ईपीएला, मोटारींचा अनुभव होता. कारखान्यातून नीट जुळवून आलेला कार्बोरेटर पुढे कुठल्याही गॅरेजमध्ये एका स्क्रूच्या पिळाने बिघडवला जाई. म्हणून 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते स्क्रू सील होऊन येऊ लागले. तोच विचार जहाजी इंजिनांच्या नियमांत उतरला. लहान आणि मध्यम इंजिनांना, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान 30 लिटरच्या आत असलेल्यांना, तिथला नियम सांगतो की एखादी जुळणी जिथून जिथवर प्रत्यक्ष फिरवता येते त्या पट्ट्यातल्या कोणत्याही जागी इंजिन मर्यादेत राहिलेच पाहिजे. चाचणी घेणारा अधिकारी स्क्रू कुठेही नेऊन ठेवू शकतो. मग निर्मात्यापुढे दोन वाटा उरतात. स्क्रूची धाव आखूड करा, नाहीतर तो असा बंद करा की साध्या हत्यारांनी हलणार नाही. 30 लिटर आणि त्यापुढच्या अजस्र इंजिनांना मात्र हे पेलणारे नसते. त्यांची जुळणी समुद्रावर करावीच लागते. म्हणून त्यांच्यासाठी निर्मात्याने ठरवून दिलेला पट्टा धरला जातो आणि जहाजमालकावर त्या पट्ट्यात राहण्याची व नोंदी ठेवण्याची जबाबदारी येते. इथे अमेरिकी वाट आयएमओच्या वाटेला येऊन मिळते.

एका वाटेने स्क्रूला कुलूप लावले, दुसरीने स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला शब्द द्यायला लावला. लहान इंजिन कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, तिथे कुलूप योग्यच. मोठ्या इंजिनापाशी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला माणूस उभा असतो, तिथे त्याच्यावर विश्वास टाकलेला आहे. तो सार्थ ठरवणे किती अवघड आहे, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मघाचे 10,000 किलोवॉटचे इंजिन पूर्ण शक्तीवर दिवसाला साधारण 40 टन तेल जाळते. टायमिंग थोडे पुढे घेऊन एक टक्का वाचला तर 400 किलो झाले. महिन्याला 12 टन. किनाऱ्यावरच्या कचेरीत बसलेल्या माणसाला हा आकडा दिसतो. दुसरा आकडा, वाढलेल्या नॉक्सचा, कुठल्याच बिलावर येत नाही. त्याची किंमत एखाद्या बंदराच्या गावातले मूल दम्याच्या फवाऱ्याने चुकवते. तेल वाचवणे हाही चांगलाच उद्देश आहे, त्याने कार्बन डायऑक्साइड घटतो. म्हणूनच पट्टा आहे. पट्ट्याच्या आत जितके वाचवता येईल तितके कसोशीने वाचवा. त्याच्या बाहेरची बचत दुसऱ्याच्या फुप्फुसातून केलेली असते.

आता शिमा आणि स्क्रू जाऊन त्यांच्या जागी संगणक आले आहेत. इलेक्ट्रॉनिक इंजिनात टायमिंग पडद्यावरच्या आकड्यात असते आणि पान्याची जागा पासवर्डने घेतली आहे. फिरवणे इतके सोपे झाले, की नियमांना नवे शब्द आणावे लागले. चाचणीपुरते सज्जन राहून एरवी धूर ओकायला लावणारे यंत्र म्हणजे डिफीट डिव्हाइस, आणि नेहमीच्या चालण्यात उत्सर्जनाचा ताबा सैल करणारी चाल म्हणजे तर्कविसंगत नियंत्रण, दोन्हींना मनाई आहे. 2015 साली मोटारींच्या बाबतीत फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीला आले तेव्हा हे कलम कशासाठी आहे ते साऱ्या जगाने पाहिले. एकाच इंजिनात वेगवेगळ्या कामांसाठी सेटिंगचे वेगवेगळे नकाशे भरून ठेवण्याचा प्रश्नही आयएमओपुढे आला आणि 2025 साली कोडमध्ये त्यासाठी दुरुस्त्या संमत झाल्या. टियर थ्रीच्या इंजिनांना नियंत्रण क्षेत्रात शिरताना आणि बाहेर पडताना यंत्रणा चालू होती की बंद, याची वेळेसकट नोंद लॉगमध्ये करावी लागते. हत्यार बदलले तरी मागणी तीच राहिली: पट्ट्यात राहा, लिहून ठेवा.

हे सगळे मराठीत का, असे मला मित्रांनी विचारले. परीक्षा इंग्रजीत, फाइल इंग्रजीत, सर्व्हे इंग्रजीत. माझे उत्तर साधे आहे. कोकणातली माणसे वाफेच्या बोटींच्या काळापासून इंजिन रूममध्ये आहेत. रत्नागिरीच्या खाड्यांकाठच्या गावांतून आगवाले गेले, तेलवाले गेले. आता त्याच गावांतली मुले मुंबईत शिवडीच्या ‘हे बंदर’ रस्त्यावरच्या संस्थेत शिकून इंजिनिअर होऊन जातात. नौवहन महासंचालनालय मुंबईत आहे, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग पवईत आहे. इतक्या जणांचे पोट ज्या विद्येवर आहे, ती आपल्या भाषेत समजून घेण्याची सोय असायला हवी. इंग्रजीत पाठ केलेला नियम परीक्षेत उतरवता येतो. रात्री दोन वाजता हातात पाना असताना आठवतो तो मात्र आपल्या भाषेत पटलेला. शब्दांबाबत मी हट्ट धरलेला नाही. नोझलला नोझल आणि शिमेला शिमच म्हटले आहे, कारण खाली कुणी दुसरे म्हणत नाही.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात ज्वालेचे रसायन, दुसऱ्यात टेक्निकल फाइल कशी वाचावी, तिसऱ्यात पॅरामीटर चेक पायरीपायरीने, चौथ्यात अमेरिकी नियम आणि पाचव्यात इलेक्ट्रॉनिक इंजिने. ज्याला घाई आहे त्याने तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही, पण पहिला भाग टाळू नये. नियम का आहे हे कळल्याशिवाय तो पाळण्याचा कंटाळा जात नाही. आणि एक सूचना कायम ध्यानात असावी: तुमच्या इंजिनापुरता शेवटचा शब्द त्याच्या मंजूर फाइलचा, माझ्या पुस्तकाचा नव्हे.

या विद्येत मला घडवले ते अनेकांनी, पण सर्वांत मोठे ऋण भिंग घेऊन आलेल्या त्या सर्व्हेअरांचे. त्यांनी मला दंडाचा धाक घातला नाही, एक प्रश्न विचारला. पुढे चीफ झाल्यावर मी माझ्या बोटीवर एक रीत पाडली. नोझल बसवण्याआधी फोर्थने त्याचा क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने फाइलमध्ये बोट ठेवून "जुळला" म्हणायचे. दहा सेकंदांचे काम. त्या दहा सेकंदांत कायदा आयएमओच्या लंडनच्या सभागृहातून निघून इंजिन रूमच्या टेबलावर येतो.

वाचकाला माझी विनंती एवढीच. बोटीवर असाल तर पुढचे पान उलटण्याआधी एकदा खाली जा, स्टोअरमधले एक नोझल उचला, उजेडात धरून त्यावरचा क्रमांक वाचा आणि फाइलशी ताडून पाहा. मग पहिले प्रकरण उघडा.